भाजल्यावर सनस्क्रीन? आधी नळ सोडा!

‘महागडी मलमं फेका, सनस्क्रीन हेच घरचं औषध’ असा मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला आणि लालबागच्या मावशीने तो खरा मानला. पुऱ्या तळताना तेल उडून मनगट भाजलं, तर तिने त्यावर सनस्क्रीन थापलं. मी पोचले तेव्हा पांढरा थर वाळून कातडीला चिकटला होता. डॉक्टर तो भिजवून काढत होते आणि मावशी ओठ दाबून बसली होती.

मेसेज म्हणतो, सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड असतं, त्याने जखम भरते. झिंक ऑक्साइड औषधात वापरतात, हे मान्य. बाळाच्या नॅपी रॅशच्या क्रीममध्ये, कॅलामाइन लोशनमध्ये ते असतंच. म्हणून सनस्क्रीनची ट्यूब मलम होते का? कित्येक ट्यूबांमध्ये झिंक नसतंच. असलं तरी सोबत सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह आणि इतर रसायनं असतात. हे सगळं धडधाकट कातडीवर लावायला बनवलेलं आहे, सोललेल्या नाही! वर भाजणं किती खोल आहे, तेच त्या थराखाली डॉक्टरांना दिसत नाही.

भाजलं की 20 मिनिटं वाहतं गार पाणी. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. बांगड्या, अंगठ्या सूज यायच्या आत काढा. फोड आले की डॉक्टर गाठा.

सनस्क्रीन चोळल्याने गुडघेदुखी थांबते, या मेसेजमधल्या दाव्याचंही तेच. काही सनस्क्रीनमध्ये सॅलिसिलेट नावाची रसायनं असतात आणि दुखण्याच्या बाममध्येही असतात, एवढंच खरं. पण नाव सारखं म्हणून काम सारखं होत नाही; सनस्क्रीनमधले सॅलिसिलेट ऊन अडवण्यासाठी घातलेले असतात.

राहिला ‘अमेरिकेच्या एफडीएने सिद्ध केलं, सनस्क्रीन रक्तात जाऊन औषधाचं काम करतं’ हा दावा. एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचा, तो अभ्यास 2019 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 24 जणांना 4 दिवस, दिवसातून 4 वेळा, 75 टक्के अंगाला सनस्क्रीन लावलं. चार घटक रक्तात मिलिलिटरला 0.5 नॅनोग्रॅमच्या वर गेले. ही रेषा ओलांडली की सुरक्षिततेच्या आणखी चाचण्या लागू शकतात, एवढाच तिचा अर्थ. कुठला आजार बरा होतो का, हे त्यात तपासलेलंच नाही. आणि सनस्क्रीन लावणं बंद करा, असंही त्यांनी म्हटलेलं नाही.

मावशीने तो मेसेज भिशीच्या बायकांनाही पाठवला होता. काल तिच्या शेजारी बसून, तिच्याच मोबाइलवरून, एकेकीला फोन लावले.