स्टाफला जरा चालतं करा!

सरकारी रुग्णालयातला स्टाफ बैठा होत चाललाय, त्याला हालचालीची गोडी लावा, असं परिपत्रक तुमच्या टेबलावर आलंय ना? मग एसी वाढवा, चहा सांगा आणि लागा कामाला.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमच्या मेडिसिन वॉर्डातली सिस्टर हा कोटा सोमवारच्या नाइटलाच उरकून टाकते. उरलेला आठवडा तिनं काय करायचं? म्हणून रोज दहा हजार पावलांचं टार्गेट द्या. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार' होते. तिथून हा आकडा पसरला. विक्रेत्याचा आहे म्हणून नाक मुरडू नका. औषधखरेदीतले आकडे कुठून येतात, हे आपण कधी विचारतो का?

सुरुवात लिफ्टपासून. दोनपैकी एक बंद ठेवा (ती आहेच म्हणा) आणि दुसरीत साहेब लोक जाऊ द्या. पेशंट रॅम्पवरून एक्स-रेला जातील. स्ट्रेचर मात्र पुढचं चाक अडकणारंच ठेवा. वॉर्डबॉय मामा एका हातानं ते उतारावर आवरतात, त्यानं भिंतीकडे ओढ घेतली की खांद्यानं सोडवतात आणि दुसऱ्या हातात सलाईन उंच धरतात. वर नातेवाईक ओरडतात, 'ओ मामा, जरा हळू!' असं मशिन कुठल्या जिममध्ये आहे, सांगा.

शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो पाळलात तर बायका खुर्चीला चिकटतील. चाळीस खाटांना दोघी पुष्कळ झाल्या. गाद्या जमिनीवरही टाका: खाली बसून इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लावायचं, गुडघ्यावर हात टेकून उठायचं, पुढच्या गादीशी पुन्हा खाली. तेवढ्यात दहा नंबरची सलाईन संपते आणि इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, सही आणायला तळमजल्यावर पळावं लागतं. वेगळे स्क्वॅट्स कशाला हवेत?

२१ जूनला सकाळी साडेसातला योग ठेवा. नाइट करून निघालेल्यांना गेटवरच अडवा, फोटोत गर्दी दिसते. शवासनात कुणी घोरलं तर त्याला आसन जमलं असं समजा.

शेवटी पावलांची स्पर्धा. कक्षसेविका मावशी आरामात पहिल्या येतील, पण त्या पडल्या कंत्राटी आणि योजना फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी. तेव्हा ट्रॉफी आस्थापना विभागातल्या कुणाला तरी देऊन टाका. मावशींना कार्यक्रमाला जरूर बोलवा, अगदी तासभर आधी. सभागृह चौथ्या मजल्यावर आहे आणि दीडशे खुर्च्या तळमजल्यावर.