चोवीसची रात्र की पंचवीसची सकाळ?

नाताळात तारकर्लीला किंवा मे महिन्यात गणपतीपुळ्याला ॲडव्हान्स भरूनही खोली मिळाली नाही, की वाद ठरलेल्या वाटेने जातो. आम्ही परदेशात राहणारे म्हणतो, 'इकडे असं खपवून घेत नाहीत.' गावाकडून उत्तर येतं, 'तुम्ही तीन ठिकाणी खोल्या धरता आणि दोन ठिकाणी फिरकतच नाही.' मग कुणीतरी 'कोकणी माणसाला धंदा जमत नाही' हे जुनं वाक्य टाकतो. गावाची तक्रार खरी आहे. आमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ते शेवटचं वाक्य मात्र अन्यायाचं आहे, कारण गडबड स्वभावात नसून तारीख लिहिण्यात आणि ॲडव्हान्सच्या एकतर्फी अटींत आहे.

घरगुती निवासात खोल्या चार-पाच, पण बुकिंग येण्याच्या वाटा बऱ्याच. काकांचा फोन, मुलाचं व्हॉट्सॲप, एक-दोन वेबसाइट, शिवाय गिऱ्हाईक आणून देणारा ओळखीचा रिक्षावाला. वही मात्र एकच आणि ती पडवीत. फोनवर दिलेली खोली वेबसाइटवर कुणी हाताने बंद करेपर्यंत मोकळीच दिसते. दोन वेबसाइटची कॅलेंडरं एकमेकांना जोडली असली, तरी एकीकडची नोंद दुसरीकडे दिसायला काही तास जाऊ शकतात. ऐन हंगामात तेवढा वेळ पुरतो.

त्याहून जास्त घोळ तारखेचा होतो. कोकणकन्या रेल्वे रात्री मुंबई सोडते आणि सकाळी कुडाळला पोचते. चोवीसला निघणारा 'चोवीसचं बुकिंग' म्हणतो आणि पंचवीसला सकाळी दारात उभा राहतो. मालकाने चोवीसला रात्री उशिरापर्यंत वाट पाहून खोली दुसऱ्याला दिलेली असते. 'दोन दिवस' म्हणजे एक रात्र की दोन, यावरही असंच होतं. अमेरिकेतून कुणी आकड्यांत ०५/१२ लिहिलं, तर त्यांच्या लेखी तो १२ मे आणि मालकाच्या लेखी ५ डिसेंबर. आम्ही विमानाच्या तिकिटामुळे जानेवारीची खोली जुलैतच धरतो. तेव्हा नव्या वर्षाची वही घरात आलेली नसते. नोंद जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर जाते आणि तिथेच राहते.

आंगणेवाडीच्या जत्रेची गोष्ट वेगळी. तिथल्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीला कौल लावून ठरते, ती आधीपासून पंचांगात बघून ठेवता येत नाही. तारीख जाहीर झाली की चाकरमान्यांचे फोन सुरू होतात आणि मसुरे-मालवण पट्ट्यातल्या खोल्या भरतात. त्या दिवसांत आधी कुणी पाहुणा धरलेला असेल, तर सख्ख्या नातेवाइकाला नाही कसं म्हणायचं, हा मालकापुढचा खरा पेच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या भागात जाणाऱ्याने खोली धरतानाच विचारावं, 'जत्रा याच तारखांना आली तर खोली आमचीच ना?'

म्हणून निरोप असा लिहावा: 'काका, गुरुवार २४ डिसेंबरची रात्र आणि शुक्रवार २५ डिसेंबरची रात्र, अशा दोन रात्री. शुक्रवारी पहाटे पोचणार, तरी गुरुवारपासून भाडं देणार. शनिवारी २६ ला सकाळी १० वाजता निघणार. मोठे ४, लहान २, खोल्या २, दोन्ही एसी. भाडं खोलीमागे, जेवण माणशी वेगळं. ॲडव्हान्स ३,००० आज पाठवला.' वार, तारीख आणि रात्र तिन्ही हवीत, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून लक्षात येतं. ॲडव्हान्स बऱ्याचदा भाऊ किंवा मेहुणी भारतातून यूपीआयने भरते. मग वहीत नाव भरणाऱ्याचं लागतं आणि दारात उभ्या असलेल्याचं नाव सापडत नाही. दोन्ही नावं लिहून घ्यावीत. पंधरा दिवस आधी एकदा आणि दोन दिवस आधी पुन्हा फोन करावा. निरोपावर निळ्या खुणा आल्या म्हणजे वहीत नोंद झाली असं नसतं.

आता 'इकडे' काय चालतं ते पाहू. जर्मनीत मुक्काम ठरला की तो करार असतो आणि तो दोन्ही बाजूंना बांधतो. यजमानाने खोली दोनदा दिली, तर त्याच तोलाची दुसरी सोय आणि वाढीव खर्च त्याच्या अंगावर येतो. पण पाहुणा आला नाही, तरी ठरलेल्या रकमेतला मोठा भाग त्याला द्यावा लागतो. न्याहारीसह मुक्कामाला साधारण ८० टक्के धरतात. घरबसल्या ऑनलाइन केलेली खरेदी १४ दिवसांत मागे घेण्याचा हक्क युरोपीय संघात आहे, पण ठरावीक तारखांचा मुक्काम त्यातून वगळलेला आहे. म्हणजे ज्या शिस्तीचं आम्ही कौतुक सांगतो, ती पाहुण्यावरही तितकीच कडक आहे. ही बाजू आम्ही सांगत नाही.

आपल्याकडे नियमच नाहीत असंही नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, ग्राहकाने पक्कं झालेलं बुकिंग रद्द केल्यावर पैसे कापायचे असतील, तर वेबसाइटवाल्यांनी स्वतःहून रद्द केल्यास तसाच भुर्दंड त्यांनीही सोसायला हवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. पुण्याच्या माणसाला त्यासाठी सिंधुदुर्गला खेपा घालाव्या लागत नाहीत.

दारात खोली नाही असं कळलं, तर सगळ्यात मोठी चूक घाईत होते. मालक म्हणतो, 'तुम्हीच वेबसाइटवरचं बुकिंग फोनवरून रद्द करा, पैसे परत येतील.' ते करू नये. आपण रद्द केलं की ते आपलं रद्द करणं ठरतं आणि अटींप्रमाणे पैसे कापले जातात. तिथूनच, दुसरी खोली घेण्याआधी, वेबसाइटला फोन लावावा. थेट बुकिंग असेल तर ॲडव्हान्स त्याच जागी यूपीआयने परत घ्यावा आणि 'खोली उपलब्ध नाही' एवढं मालकाकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं.

परदेशी पासपोर्ट असलेल्यांची आणखी एक अडचण असते, आणि ती मुलांच्या पासपोर्टमुळे उशिरा लक्षात येते. परदेशी नागरिक मुक्कामाला आला, तर यजमानाने २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवणारा, 'फॉर्म सी' म्हणून ओळखला जाणारा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. त्यासाठी निवासाची आधी नोंदणी लागते. ती नसेल तर रात्री दहा वाजता, पासपोर्ट पाहून, मालक नाही म्हणतो. तेव्हा त्याचा दोष काढता येत नाही. 'दोघा मुलांचे पासपोर्ट परदेशी आहेत, फॉर्म सी भरता का?' हे ॲडव्हान्सच्या आधी विचारावं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) भागेल असं गृहीत धरू नये.

जर्मनीत करार जे लिहून देतो, त्यातलं बरंच कोकणात माणसं न लिहिता करतात. खोली नसली तर काका वाडीतल्या चार घरी फोन लावतात, खळ्यात खुर्च्या मांडतात, चहा येतो, आणि बहुतेक वेळा तासाभरात कुठेतरी सोय होते. भाडं जास्त पडलं तर ते कुणी द्यायचं, एवढंच ठरलेलं नसतं आणि भांडण तिथे होतं. पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत घरांची नोंदणी होतेच. त्या अर्जात दोन ओळी वाढवायला हव्यात: खोली देता आली नाही तर पर्यायी सोय आणि भाड्यातला फरक मालकाचा, आणि पाहुणा न कळवता आला नाही तर पहिल्या रात्रीचं भाडं पाहुण्याचं.