टाकीवर चढल्याशिवाय सांगायचंच नाही का?

१३ जानेवारी २०२५. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगला, खून झालेले सरपंच संतोष देशमुख यांचे भाऊ धनंजय देशमुख पाण्याच्या टाकीवर चढले होते आणि खालून सगळ्या चॅनेलांचे कॅमेरे वर रोखलेले. मी त्या दिवशी मामांना फोन केला नाही. मुद्दामच. तेही टीव्हीसमोर बसले असणार हे मला माहीत होतं.

संतोष देशमुखांचा खून झाला ९ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे महिना उलटून गेलेला. भावाच्या मागण्या बऱ्याच होत्या, प्रकरणातला मुख्य आरोपी वाल्मिक कराड याच्यावर मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावा ही त्यातली मोठी. दुसऱ्या दिवशी तो लागला, बातमी झाली. पण एक तक्रार अगदी साधी होती. तपासात काय चाललंय ते आम्हाला कुणी सांगत नाही. ती चर्चेत मागे पडली. मला मात्र तीच डोक्यातून जात नाही.

माझ्या मामेभावाच्या खुनाला आता अकरा वर्षं झाली. गाव आणि ठाणं लिहीत नाही. पहाटे तीनला मामांना बोलावून बाकड्यावर बसवलं. पहिला प्रश्न, 'पोरगं पीत होतं का?' दुसरा, 'बाईचं काही लफडं?' पोरगा गेलाय हे तोवर कुणी धड सांगितलंही नव्हतं. मग जबाब. हवालदार लिहीत होते, मामा मान हलवत होते, शेवटी सही. त्यात नेमकं काय लिहिलंय हे मामांनी पहिल्यांदा ऐकलं ते दोन वर्षांनी, कोर्टात, आरोपीच्या वकिलाच्या तोंडून. 'हे तुम्हीच सांगितलंय ना?' मामा गप्प.

शवविच्छेदनाला न्यायला गाडी तुम्हीच बघा. कापड तुम्हीच आणा. त्यानंतर शांतता. आरोपी पकडल्याचं आम्हाला पेपरातून कळलं, तेही शेजाऱ्यानं पेपर आणून दिला म्हणून. मामी दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात जायची. साहेब बंदोबस्ताला गेलेत. साहेब कोर्टात आहेत. मग साहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांनी विचारलं, 'कुठली केस म्हणालात?'

एक शिपाई होता, तो चहा पाजायचा आणि खालच्या आवाजात जेवढं माहीत तेवढं सांगायचा. आमच्यासाठी पोलीस खातं म्हणजे तो एकटाच.

पोलिसात असलेल्या एका मित्राला हे सांगितलं तर तो चिडला. म्हणाला, गणपती, निवडणूक, मंत्र्याचा दौरा, यातून तपासाला वेळ मिळतो कधी? आणि खून घरातल्याच माणसानं केला असं कितीदा निघतं, संशय घ्यायचा नाही? घ्यावा की. पण संशय घेण्यासाठी बापाला 'ए, इकडे बस' म्हणावं लागत नाही. आणि आरोपी पकडले, दोषारोपपत्र दाखल केलं, एवढं सांगितल्यानं कुठला तपास बिघडतो?

गंमत बघा, घरच्यांपासून जपलेला तपास बाकी सगळ्यांना दिसतो. मार्च २०२५च्या सुरुवातीला देशमुखांच्या छळाचे फोटो चॅनेलांवर आले आणि तासाभरात तुमच्या-माझ्या व्हॉट्सॲपवर. ते आपण पाहिले, पुढे पाठवले. त्यांच्या घरातही टीव्ही आहे, मोबाइल आहेत.

हे फक्त बीडचं नाही. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. त्याच्या आईवडिलांना पोलिसांनी कसं वागवलं यावर १९९९च्या मॅकफर्सन अहवालानं कडक ताशेरे ओढले. कुटुंबाशी संपर्क ठेवणारा प्रशिक्षित पोलीस अधिकारी ही पद्धत तिथं त्यानंतर नीट रुजली. तीही त्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं भांडून मिळवलेली.

आपल्याकडे निदान कागदावर आता काहीतरी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३ सांगतं की तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांच्या आत कळवायचं. मोबाइलवर कळवलं तरी चालतं. आणि खून झालेल्याचा कायदेशीर वारस हाही कायद्यानं पीडितच. पीडितानं वकील दिला असेल तर कलम २३० प्रमाणे दोषारोपपत्राची प्रत त्यालाही मिळते. उत्तर प्रदेशात आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खीरी प्रकरणात, २०२२ साली, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे. म्हणजे ठाण्यात 'तुमचा काय संबंध, केस सरकारची आहे' असं कुणी म्हणालं (आम्हाला म्हणाले होते), तर ते खरं नाही.

९० दिवस हीसुद्धा मला चेष्टाच वाटते. पोरगा गेलेल्या घरात ९० दिवस कसे जातात ते कायदा लिहिणाऱ्यांनी एकदा बघावं. पण मामांच्या वेळी तेवढंही नव्हतं.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांनी तोंडी विचारत बसू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, गुन्हा रजिस्टर नंबर टाका, कलम १९३ लिहा, दोन प्रती न्या, एकीवर ठाण्याचा शिक्का मारून पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, एक प्रत एसपी ऑफिसला. मी मराठीत नमुना करून ठेवलाय. लागला तर मेसेज करा, कमेंटमध्ये नाव-गाव लिहू नका.