तिसऱ्या नातवाचे नाव रेशन कार्डावरून काढल्याने कोणाचे पोट भरणार?

"तिसऱ्या नातवाचं नाव आता कार्डावरून काढणार काय रे?" निपाणीच्या माझ्या मावशीने परवा फोनवर घाबऱ्या आवाजात विचारले. तिच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर आला होता: देशात माणसे धान्यापेक्षा वेगाने वाढत आहेत, गरीब उपाशी राहतात ते जास्त मुलांमुळे, म्हणून तिसऱ्या मुलापासून रेशन बंद करावे. हाच मजकूर बेळगाव-खानापूरच्या शिकल्यासवरल्या लोकांनीही पुढे पाठवला आहे, म्हणून हे लिहावे लागते.

पहिला दावा साफ खोटा आहे. १९५१ साली देशाची लोकसंख्या ३६ कोटी आणि अन्नधान्याचे उत्पादन सुमारे ५ कोटी टन होते. २०२२-२३ मध्ये उत्पादन सुमारे ३३ कोटी टनांवर गेले आणि लोकसंख्या १४० कोटींच्या घरात आली. म्हणजे माणसे चौपट झाली, तर धान्य साडेसहा पट. डाळींची दरडोई उपलब्धता मात्र तेव्हापेक्षा घटली आहे आणि खाद्यतेल निम्म्याहून अधिक बाहेरून आणावे लागते, एवढे मान्य करावे लागेल; पण चिकोडी-रायबागकडे ओलिताखालची जमीन उसाला का जाते, हा भावाचा आणि पाण्याचा प्रश्न आहे, पाळण्यातल्या लेकराचा नव्हे.

दुसऱ्या दाव्याला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे (२०१९-२१) उत्तर पुरेसे आहे. कर्नाटकात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. गरीब घरांत हे प्रमाण थोडे जास्त असते हे खरे, पण मुली शिकल्या की ते आपोआप खाली येते.

तिसरी सूचना मात्र क्रूर आहे. अन्न सुरक्षा कायद्यात मुलांच्या संख्येची अट नाही. त्या कायद्याने बहुतेक कार्डांवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. पाच माणसांच्या घरातले एक नाव कापले, तर २५ किलोंऐवजी २० किलो येतील, पण चूल एकच असल्यामुळे तोच भात पाच ताटांत वाढावा लागेल, आणि तुटीचा वाटा सगळ्यांच्या मागून जेवायला बसणाऱ्या आईच्या ताटात येईल. आणि उपासमार धान्य कमी पडल्यानेच होते असेही नाही: १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की त्या वर्षीचा धान्यसाठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. तरीही लाखो माणसे मेली, कारण भाव चढले आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात धान्य घेण्याइतके पैसे उरले नाहीत.

मावशीने चाळीस वर्षे विड्या वळल्या आहेत. पाने कापून आणि दुमडून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत, त्यामुळे रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा लागत नाही. मागच्या महिन्यात ती दोनदा रिकामी पिशवी घेऊन घरी आली. दोन्ही वेळा दुकानात तांदळाची पोती थप्पीला लागलेली होती.