‘बदला, नाहीतर कोडॅक व्हाल’ : एका फॉरवर्डचा हिशेब

कंपनीत रिस्ट्रक्चरिंगची, म्हणजे फेररचना आणि कपातीची, कुणकुण लागली की टीमच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड हमखास येतो. मधल्या फळीतला कोणीतरी मॅनेजर टाकतो, खाली चार अंगठे पडतात. मजकूर साधारण असा: 1998 मध्ये कोडॅककडे 1 लाख 70 हजार कर्मचारी होते, जगातला 85 टक्के फोटो पेपर ते विकायचे, आणि तीनच वर्षांत डिजिटल फोटोग्राफीने त्यांचं दिवाळं काढलं. एचएमटी, बजाजची स्कूटर, अ‍ॅम्बॅसडर, नोकिया... कोणाच्या मालात खोट नव्हती, पण काळाप्रमाणे बदलले नाहीत म्हणून संपले. नोकियाचा सीईओ तर पत्रकार परिषदेत ‘आमचं काही चुकलं नाही, तरी आम्ही हरलो’ म्हणून रडला. उबरकडे स्वतःची एक गाडी नाही, तरी ती जगातली सर्वांत मोठी टॅक्सी कंपनी. येत्या दहा वर्षांत 70 ते 90 टक्के उद्योग बंद पडणार. तेव्हा बदला, नाहीतर संपाल.

बदल येतात आणि त्यांना तोंड द्यावं लागतं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते या दाखल्यांबद्दल. ते जरा उघडून पाहिले की फॉरवर्ड टाकणाऱ्याच्याच अंगाशी येतात.

आधी कोडॅकचा आकडा. कंपनीत सर्वाधिक माणसं होती ती 1988 साली, तीसुद्धा जगभरात मिळून 1 लाख 45 हजारांच्या आसपास. 1998 पर्यंत ती लाखाच्या खाली आली होती. दिवाळखोरीचा अर्ज झाला जानेवारी 2012 मध्ये. तीन वर्षं नव्हे, चौदा. पुढच्याच वर्षी कंपनी त्यातून बाहेर पडली आणि आजही फिल्म बनवते.

‘बदलले नाहीत’ हे तर फारच गमतीचं. डिजिटल कॅमेरा कोडॅकमध्येच जन्मला. 1975 साली स्टीव्ह सॅसन या तिथल्या तरुण इंजिनियरने साडेतीन किलोंच्या वर वजनाचं एक धूड जुळवलं. ते काळा-पांढरा फोटो काढायचं आणि तो साध्या कॅसेटच्या फितीवर उतरवायला 23 सेकंद घ्यायचं. साहेबांची प्रतिक्रिया काय होती, ते सॅसन यांनी पुढे सांगितलंय: छान आहे, पण कोणाला सांगू नकोस. तरीही पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे काढले, ऑनलाइन फोटो ठेवण्याची सेवा 2001 मध्ये विकत घेतली आणि 2005 साली अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिल्या क्रमांकावर होती. फक्त फिल्मच्या रोलवर जो नफा सुटायचा, तो कॅमेऱ्यावर कधीच सुटला नाही. नंतर मोबाइलने कॅमेराच खाल्ला. फिल्म बनवणारी दुसरी कंपनी फुजी तरली ती फिल्म बनवताना कमावलेलं रसायनशास्त्र टीव्हीच्या पडद्यांपासून औषधं-सौंदर्यप्रसाधनांपर्यंत वापरून. यात खालच्या कर्मचाऱ्यांनी ‘मानसिकता’ बदलून काय केलं असतं? त्यांच्यातल्या एकाने तर कॅमेराच बनवून टेबलावर ठेवला होता.

आता नोकिया, कारण खरी गोम इथे आहे. ते रडण्याचं वाक्य मायक्रोसॉफ्टबरोबरचा सौदा जाहीर झाला त्या 3 सप्टेंबर 2013 च्या पत्रकार परिषदेच्या वृत्तांतात सापडत नाही. शिवाय ते नोकियाचे सीईओ राहिलेल्या स्टीफन इलॉप यांच्या तोंडी शोभतही नाही. याच गृहस्थांनी फेब्रुवारी 2011 मध्ये सगळ्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून आपण समुद्रातल्या तेलविहिरीच्या जळत्या मंचावर उभे आहोत आणि त्यावर तेल आपणच ओतलं, असं कबूल केलं होतं. ‘आमचं काही चुकलं नाही’ म्हणणारा माणूस हा नव्हे. आणि मायक्रोसॉफ्टला विकला तो हँडसेटचा धंदा. नोकिया ही कंपनी टेलिफोन नेटवर्कची यंत्रणा बनवत आजही उभी आहे. 1865 साली कागदाच्या कारखान्यापासून निघून रबरी बूट, केबल, टीव्ही असा प्रवास केलेल्या कंपनीला ‘बदलत नाही’ म्हणायचं म्हणजे कमालच.

मग हँडसेट का हरले? टिमो वुओरी आणि क्वाय ह्वी या दोन संशोधकांनी नोकियातले अधिकारी, इंजिनियर आणि बाहेरचे जाणकार अशा 76 जणांच्या मुलाखती घेतल्या. 2016 मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. निष्कर्ष थोडक्यात असा: वरचे लोक प्रतिस्पर्ध्यांना आणि भागधारकांना घाबरलेले, त्यामुळे ते खालच्यांवर चढायचे. मधले लोक वरच्यांना घाबरलेले, त्यामुळे सिम्बियन ही आपली प्रणाली आयफोनपुढे टिकणार नाही हे ठाऊक असूनही स्पष्ट बोलायचे नाहीत. वर सगळं आलबेल असल्याचं चित्र जायचं, वरून आणखी जवळची मुदत यायची, खालून तिलाही होकार जायचा.

हे वाचून फिनलंड आठवत नाही, आपलंच ऑफिस आठवतं. स्टेटसच्या एक्सेल शीटमधला तो रंगांचा रकाना घ्या: लाल म्हणजे काम अडलंय, हिरवा म्हणजे सुरळीत. टीम लीडने प्रामाणिकपणे लाल केलेला असतो. मॅनेजर म्हणतो, ‘अरे, लाल नको, एस्केलेशन होईल, प्रकरण वर जाईल, पिवळा ठेव.’ डिलिव्हरी हेडच्या स्लाइडवर तोच रकाना हिरवा होतो. क्लायंटला कळतं ते एकदम गो-लाइव्हच्या, म्हणजे काम प्रत्यक्ष सुरू व्हायच्या रात्री.

म्हणजे नोकियाचा हँडसेटचा धंदा बुडाला तो लोक पुरेसे घाबरले नाहीत म्हणून नव्हे. उलट, फार घाबरले म्हणून. आणि नोकियाचाच दाखला आपण लोकांना घाबरवायला वापरतो.

बजाजचा दाखला देणाऱ्याने निदान आकुर्डीला एक चक्कर मारायची. स्कूटर बजाजकडून कोणी हिसकावली नाही. त्यांनी ती स्वतः सोडली. मोटरसायकल हाच काळ आहे, या विचाराने राजीव बजाज यांनी 2009 च्या अखेरीस स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. वडील राहुल बजाज यांना ते रुचलं नाही आणि तसं ते उघडपणे बोललेही. निर्णय ‘काळाप्रमाणे बदला’ या उपदेशाला अगदी धरून होता. पण त्याच वर्षांत गिअर नसलेल्या स्कूटरची चलती झाली आणि मलई होंडाच्या अ‍ॅक्टिव्हाने खाल्ली. जानेवारी 2020 पासून बजाजने विजेवरची चेतक विकायला घेतली, म्हणजे दहा वर्षांनी त्याच नावाने परत स्कूटर. पल्सरने कंपनीला जे मिळवून दिलं ते पाहता तो निर्णय चूक होता असंही मी म्हणणार नाही. फॉरवर्डच्या एका ओळीत हे मावत नाही, एवढंच.

अ‍ॅम्बॅसडरपुरतं फॉरवर्डचं बरोबर आहे. 1957-58 पासून 2014 पर्यंत बॉडी जवळपास तीच. फक्त ‘मालात खोट नव्हती’ हे वाक्य ज्याने पावसाळ्यात ती ढकललीय त्याला ऐकवू नका. एचएमटी सरकारी कंपनी. तिचं काय करायचं हे कामगार ठरवत नव्हते, आणि 2016 मध्ये घड्याळांचा कारखाना बंद करायचं ठरवलं तेही केंद्रीय मंत्रिमंडळाने.

उबरकडे गाडी नाही हे खरं. गाडी ड्रायव्हरकडे आहे, तिचा हप्ताही त्याच्याकडे. सीएनजी महागला, कमिशन वाढलं, भाडी कमी आली, की घाटा त्याचा. अनिश्चितता नाहीशी झालेली नाही, ती फक्त ज्याला झेपत नाही त्याच्या खात्यात टाकलीय. एवढं करूनही 2009 मध्ये निघालेल्या उबरला वर्षभराचा पहिला ऑपरेटिंग नफा दिसायला 2023 उजाडलं.

उरलं भविष्य. हाच फॉरवर्ड काही वर्षांपूर्वी सांगत होता की 2018 पर्यंत बिनड्रायव्हरच्या गाड्या रस्त्यावर येतील आणि 2020 पासून जग बदलायला लागेल. आयबीएमचा वॉटसन संगणक कॅन्सरचं निदान डॉक्टरांपेक्षा चौपट अचूक करतो, असंही त्यात असायचं. टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने 6 कोटी 20 लाख डॉलर घालवून वॉटसनचा प्रकल्प गुंडाळला. ‘दहा वर्षांत’ हे शब्द मात्र तसेच आहेत, त्यांची मुदत दर वर्षी नव्याने सुरू होते.

एआयमुळे कामं बदलतायत, काही जातायत, हे मी नाकारत नाही. पण रिस्ट्रक्चरिंगच्या आठवड्यात माणसाला कोडॅक नको असतो. त्याला हवं असतं की कुठलं काम बंद होतंय, माझं नाव कुठल्या यादीत आहे, कधी कळेल, आणि घराचा हप्ता भरायला किती महिने हातात आहेत. मॅनेजरला यातलं सगळं सांगता येणार नाही, मान्य. पण ग्रुपवर इतकं लिहिता येतं: ‘दोन प्रोजेक्ट बंद होतायत, तिसऱ्याचं 15 तारखेपर्यंत ठरेल, त्याआधी मलाही माहीत नाही. कोणाच्या कामात काही अडलं असेल तर आत्ताच सांगा, नाव वर जाणार नाही.’