कंट्रोल-सी दाबलं, प्रोसेस मेली, म्हणे टेस्टिंग झालं!

ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला) डिव्हाइस चालवणारा कोड, डेटाची वाट बघत झोपलाय. वरून कंट्रोल-सी दाबून सिग्नल (चालू प्रोग्रामला मध्येच दिलेली सूचना) पाठवला, प्रोसेस मेली. झालं! 'सिग्नल हँडलिंग तपासलं' असं लिहून पॅच पुढे. अरे, प्रोसेसच मेल्यावर तुमच्या सिस्टीम कॉलने (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीने) काय परत केलं ते वाचायला उरलंय कोण? तिथे भाजीचा हिशोब परत केलात तरी चालून जाईल.

लिनक्समध्ये हा नियम काही गूढ नाही. वेट-इव्हेंट-इंटरप्टिबल हे ड्रायव्हरला झोपवणारं फंक्शन सिग्नलमुळे मोडलं की ते उणे ५१२ देतं, म्हणजे ई-रिस्टार्ट-सिस, 'कॉल पुन्हा चालवता येईल' असा कर्नलचा आतला कोड. ते तसंच्या तसं वर सोडायचं. प्रोसेसचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं तिचं फंक्शन) चाललाच नाही, किंवा एसए-रिस्टार्ट ('मोडलेला कॉल पुन्हा चालव' हा फ्लॅग) लावलेला हँडलर चालला, तर कर्नल इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढची सूचना कुठली ते दाखवणारा) मागे घेऊन कॉल पुन्हा चालवतो. नाहीतर प्रोग्रामला ई-इंटर, म्हणजे 'कॉल मध्येच मोडला' ही एरर, देतो. हे ठरवणं कर्नलचं काम, तुमचं नाही! पण म्युटेक्स-लॉक-इंटरप्टिबल (कुलूप मिळेपर्यंत झोपवणारं फंक्शन) स्वतः ई-इंटर देतं, आणि ते बदलून ई-रिस्टार्ट-सिस कोणी करतच नाही. मग लॅपटॉप झोपवताना फ्रीझर (सगळ्या प्रोसेस गोठवणारा कर्नलचा भाग) खोटा सिग्नल दाखवून प्रोसेस थांबवतो, आणि एकही हँडलर नसलेल्या प्रोग्रामला उठल्यावर ई-इंटर मिळतो. त्यावर उपाय काय, तर अ‍ॅप्लिकेशनमध्ये रिट्राय लूप. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

दुसरं टोक म्हणजे सिग्नल नसतानाही, 'डिव्हाइस बिझी' सांगायला ५१२ परत करणारे महाभाग. सिग्नल प्रलंबित नसेल तर तो आकडा बदलायला कोणी नसतं. युजरला दिसतं 'अननोन एरर ५१२', आणि तो बिचारा मॅन पेज धुंडाळत बसतो.

सगळ्यात संताप येतो तो राइट कॉलचा. ४०९६ बाइट लिहायचे, १५०० फिफोत (डिव्हाइसच्या रांगेत) गेले, फिफो भरला, झोपलात, सिग्नल आला. आणि तुम्ही ई-रिस्टार्ट-सिस दिलंत? कर्नल तोच बफर सुरुवातीपासून पुन्हा देतो. पहिले १५०० बाइट दोनदा गेले, पलीकडे पोचले ५५९६. मग तीन दिवस केबल बदला, बॉड रेट (लाइनचा वेग) बदला! एक जरी बाइट गेला असेल तर गेलेल्यांची संख्या परत करायची. शून्य असेल तरच एरर. इतकंच.

वेटची रिटर्न व्हॅल्यू न बघता व्हाइल लूपमध्ये टाकणाऱ्यांना तर नमस्कारच. सिग्नल प्रलंबित असला की ते वेट झोपतच नाही, लगेच परत येतं. सीपीयू १०० टक्के, आणि किल -९ मारून ढिम्म हलत नाही. टाइमआउटचंही तसंच: पाच सेकंदांचा वेट, दर सेकंदाला टायमरचा सिग्नल, रिस्टार्ट झाला की पुन्हा पूर्ण पाच. तो संपणार कधी? डेडलाइन रिस्टार्ट-ब्लॉकमध्ये (पुन्हा चालवण्यासाठीची माहिती कर्नल ठेवतो तिथे) ठेवा, नाहीतर सरळ ई-इंटर द्या.

तपासायचं तर असं तपासा. सेट-आयटायमर या कॉलने दर मिलिसेकंदाला सिग-अलार्म हा टायमरचा सिग्नल, एसए-रिस्टार्टसह हँडलर, ४०९६ बाइटचे राइट, आणि पलीकडे बाइट मोजा. मग एसए-रिस्टार्ट काढून तेच. मग रीड अडकलेला असताना कंट्रोल-झेड (प्रोसेस थांबवा) आणि एफजी (पुन्हा चालू करा). या शेवटच्या टेस्टमध्ये 'इंटरप्टेड सिस्टीम कॉल' (म्हणजे ई-इंटर) छापून आलं, तर तो पॅच पाठवू नका. अ‍ॅप्लिकेशनवाल्यांना तर बिलकूल दोष देऊ नका.