तीन लाखांचं नर्सिंगचं कर्ज वर्षात फिटत नाही

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भावकीच्या, तालमीच्या, बचत गटांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. बारावी झालेल्या पोरीला नर्सिंगला घाला, तीन लाख कर्ज काढा, नोकरी लागली की वर्षात फिटतं. सरकारी पगार ४५ हजार, अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सला वर्षाला ५० लाख. आणि नाहीच फिटलं तर माफी येतेच. मी बँकेत शैक्षणिक कर्जाचं काम बघतो, त्यामुळे हा मजकूर पालकांच्या मोबाईलमधून माझ्या टेबलावर येतोच. नर्सिंगबद्दल माझी काही तक्रार नाही. हिशेबाबद्दल आहे.

‘वर्षात फिटतं.’ जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. वर्षाला एक लाख उचलले आणि व्याज साडेदहा टक्के धरलं, असं समजू. कोर्स संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नसतो, हे खरं. पण सूट हप्त्याला असते, व्याजाला नसते. मंजुरीपत्रात ही ओळ छापलेली असते आणि पालक थेट सहीच्या पानावर जातात. पहिल्या लाखावर चार वर्षांचं व्याज ४२,०००, दुसऱ्यावर ३१,५००, तिसऱ्यावर २१,०००. म्हणजे पहिला हप्ता सुरू होतो त्या दिवशी कर्ज ३,९४,५०० झालेलं असतं. ते वर्षात फेडायचं तर महिन्याला जवळपास ३५,००० भरावे लागतील. सात वर्षांत फेडायचं तर साधारण ६,६५०.

आता ही ६,६५० ची रक्कम पगाराशेजारी ठेवा. गारगोटीकडची पोरगी राजारामपुरीतल्या तीस खाटांच्या दवाखान्यात लागली, हातात १५,००० पडले, असं धरू. हप्ता गेला की उरले ८,३५०. त्यात कॉट बेसिसवरची खोली, मेस, महिन्यातून दोनदा एसटीनं घर. कुणी म्हणेल, १५ हजार कमी धरले. मग ज्या दवाखान्यात नोकरी मिळेल असं कॉलेज सांगतंय, तिथल्या गेल्या वर्षी लागलेल्या सिस्टरलाच ‘हातात किती पडतात’ विचारा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली होती. तिनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० द्या, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी पगाराइतके द्या, अशी शिफारस केली. समिती नेमावी लागली यातच सगळं आलं. केरळनं तरी २०१८ मध्ये नर्सच्या किमान वेतनाची अधिसूचना काढली. नुसत्या शिफारशीवर हप्ता भरता येत नाही.

‘सरकारी पगार ४५ हजार.’ इथं मजकूर उलट कमीच सांगतोय. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं, सुरुवातीचं मूळ वेतनच ३५,४०० आहे, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. एएनएम हा जीएनएमपेक्षा छोटा कोर्स करून आरोग्यसेविका झाली तर मूळ २५,५००. पण पास होणं आणि सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, हजर होणं यांच्या मध्ये जाहिरात, परीक्षा, यादी असं बरंच काही असतं. बँकेनं दिलेलं बिनहप्त्याचं वर्ष त्यासाठी थांबत नाही. दरम्यान राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून लागली तर आपल्या जिल्ह्यांच्या जाहिरातींत दिसणारं मानधन २०,००० च्या घरातलं. तेवढ्यावर ६,६५० चा हप्ता निघतो, ओढाताणीनं का होईना.

‘अमेरिकेत ५० लाख.’ आकडा हवेतला नाही. तिथल्या कामगार खात्याच्या मे २०२३ च्या आकडेवारीत परवानाधारक प्रॅक्टिकल नर्सची मध्यम वार्षिक कमाई ५९,७३० डॉलर होती. ती कमाई तिथं साधारण वर्षभराचा कोर्स आणि एनक्लेक्स-पीएन ही परवाना परीक्षा केलेल्यांची. आपल्याकडून जाणाऱ्या पोरी बहुतेक त्याहून वरच्या पायरीच्या रजिस्टर्ड नर्स म्हणून, एनक्लेक्स-आरएन ही वेगळी परीक्षा देऊन जातात. आणि घरभाडं तिथं डॉलरमध्येच जातं. मजा म्हणजे खुद्द अमेरिकेतही ‘या कोर्सचं कर्ज परवडतं का’ हा वाद आहेच. तिथल्या शिक्षण खात्यानं २०२३ मध्ये पक्क्या केलेल्या नियमात एक कसोटी अशी होती, की वर्षाचे हप्ते वर्षाच्या कमाईच्या ८ टक्क्यांवर जाऊ नयेत. ती इथं लावली तर ६,६५० च्या हप्त्याला महिना ८३,००० पगार लागेल. जर्मनीचं नाव काढणाऱ्यांनी बी-२ पातळीपर्यंत जर्मन शिकायचा वेळ आणि खर्चही कर्जात धरावा.

मजकुरात एक गोष्ट मुळातच गाळलीय. ‘नर्सिंग’ म्हणजे कुठलं? सहा महिने, वर्षभराचे ‘नर्सिंग असिस्टंट’ वगैरे कोर्स करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. नोंदणी नाही तर वरचा एकही सरकारी आकडा लागू नाही. असल्या कोर्सला खासगी फायनान्सवाला किंवा पतसंस्था पैसे देईल, पण तिथं केंद्राची व्याज अनुदान योजना नसते. त्या योजनेत वर्षाचं घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर अटींत बसणाऱ्या कर्जावर कोर्स आणि सवलतीच्या वर्षातलं व्याज सरकार भरतं. म्हणजे आपल्या हिशेबातले ९४,५०० वाचले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कर्जाच्या अर्जाबरोबरच जोडा. योजनेत बसत नसाल तर पहिल्या वर्षी महिन्याला ८७५ रुपये व्याज होतं. डेअरीकडून दर दहा दिवसांनी दुधाचं बिल जमा होणाऱ्या घराला ते कोर्स चालू असतानाच भरणं जड नाही, आणि असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. माझ्या टेबलावर हे फार थोडे जण विचारतात.

‘माफी येतेच.’ २०१९ ची दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती पीक कर्जासाठी होती. तिचा शैक्षणिक कर्जाशी काडीचाही संबंध नाही. पोरीच्या कर्जावर बापाची सहकर्जदार म्हणून सही असते. हप्ते थकले की दोघांचाही सिबिल खाली येतो, आणि मग बाप ट्रॅक्टरचं कर्ज मागायला येतो तेव्हा स्क्रीनवर पोरीचं थकीत कर्ज आधी उघडतं.